एक, दोन, तीन, दाब

दर रविवारी रात्री साडेनऊला
दांडिया बाजारातल्या आमच्या गच्चीवरच्या खोलीत
मी लॅपटॉप उशीला टेकवते,
मोबाइल पाण्याच्या बाटलीला,
आणि बाटलीला टेकून निशिगंधा दिघे
विनिपेगच्या सकाळी अकराला
ओल्या केसांनी टोस्ट खात असते.

“एक, दोन, तीन, दाब.”

दोन देशांत एकच त्रिकोण दाबला जातो.
तरी तिचं हसू तीन सेकंद उशिरा येतं,
कुठल्या समुद्राच्या तळाशी रेंगाळतं कोण जाणे.
विनोद होतो, मी हसते, माझं हसून होतं,
मग ती हसते,
आणि मी पुन्हा, तिच्या हसण्याला.

आठवडाभर मी असं काही बघत नाही.
मकरपुऱ्याच्या बसमध्ये अंगठ्याने बघते:
कुणी गंजलेली सुरी घासून चकचकीत करतो,
कुणी सतरंजी धुतो, काळं पाणी वाहतच राहतं,
कुणी अख्खा सिनेमा आठ मिनिटांत सांगून टाकतो.
शंभरेक सिनेमांचे शेवट मला पाठ आहेत,
एकाचीही सुरुवात नाही.
मुलाखती दीडपट वेगाने ऐकते.
परवा आई काहीतरी सांगत होती, सावकाश,
भरल्या मिरचीचं की मावशीच्या गुडघ्याचं,
आणि माझा अंगठा हवेतच
तिचा वेग वाढवायला गेला.

कोरियन भाषेत मोठ्या भावाला काय म्हणतात, मला येतं.
खाली राहायला आलेल्या भाडेकरूंचं आडनाव येत नाही.
फार लाज वाटते असंही नाही.

पण रविवारी वेग एकपट.
रविवारी पडद्याखालची अक्षरंही नीट वाचायची,
कारण पंखा खडखडतो.
दिवाळीनंतर बदलू, बाबा म्हणाले होते.
दिवाळी झाली.

सहाव्या भागात तो म्हातारा
बसथांब्यावर बसल्या बसल्या गेला
तेव्हा ते मला कळलं होतं, तिला नाही.
ती अजून टोस्टवर लोणी फासत होती.
तीन सेकंद मी तिच्याहून मोठी होते.
बघत राहिले तिच्याकडे,
गावाहून आलेला फोन ज्याने उचललाय
त्याने जेवत्या पंगतीकडे बघावं तसं.

मग गेल्या रविवारी ती आधी हसली.

विनोद अजून व्हायचा होता.
दार उघडून त्याचा पाय बादलीत पडायचा होता,
आणि तिचं हसू घाईघाईने आलं,
चपापलं, थांबलं.
मग बादली आली.
दोघी हसलो. बेताचं.

म्हणजे बघितलंय तिने.
कुठल्यातरी बुधवारी, बर्फातून शिफ्ट संपवून आल्यावर,
एकटीने, किंवा
किंवाच्या पुढे मी गेले नाही.

“नेट फास्ट झालं वाटतं तुझं,” म्हटलं.
“हो ने,” म्हणाली, “राउटर बदलला.”
हा बडोद्याचा ‘ने’ तिने अजून टाकलेला नाही.
सुरसागरच्या काठी सेव-उसळवाल्याला
“तर्री घाल ने अजून” म्हणायची, तोच.

आता माझं सांगते.
शेवटचे दोन भाग मी गुरुवारी रात्री दोन वाजता
पांघरुणात, आवाज बंद करून
बघून टाकलेत.
ती हरवलेली बहीण परत येते, मला माहीत आहे.
ती दारात उभी राहील तेव्हा दचकायचं कसं
याची आरशात थोडी तयारी केली आहे.
फार नाही. भुवया तेवढ्या.

नऊ अठ्ठावीस.
बाटली काठोकाठ भरून ठेवलीय,
अर्धी असली की फोनसकट सरकते.
तिकडे घड्याळं तासभर मागे घेतलीत म्हणे,
तिची अकराची सकाळ आता दहाची झाली.
म्हणजे एक तास आणखी लांब.

स्क्रीनवर तिचं कपाळ येतं, मग छत, मग ती.
आज टोस्ट नाही. केस कोरडे.
“एक,” ती म्हणते.
“दोन,” मी.

तीन कुणी म्हणायचं
ते कधी ठरलेलंच नव्हतं.